पिवळं पडलेलं कोरल पांढरं कसं करायचं, आणि कशाने अजिबात करायचं नाही

जुनं कोरल, म्हणजे प्रवाळ, पांढरं करायचंय म्हटलं की शेजारपाजारचा पहिला सल्ला ॲसिडचा असतो. बाथरूमच्या टाइल्सचा मळ निघतो ना त्याने, मग याचाही निघेल. निघतं खरं, पण मळाबरोबर कोरलही निघतं, कारण कोरलचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडू, संगमरवर, शिंपले सगळे त्याच घराण्यातले, ॲसिड पडलं की तो फसफसतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि विरघळत जातो. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर, चिंचेचं पाणी, सगळं त्यातच आलं. थोडा वेळ ठेवलं तरी वरची बारीक नक्षी चोखलेल्या साखरेच्या खड्यासारखी गुळगुळीत होते आणि ती परत आणायचा काहीही उपाय नाही.

मग करायचं कशाने? साध्या ब्लीचने आणि भरपूर पाण्याने. ब्लीच एखादी रात्र, पाणी आठवडाभर. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, ब्लीचमध्ये चार दिवस बुडवून ठेवतात आणि मग नळाखाली दोन मिनिटं धरून शोकेसमध्ये, आणि सहा महिन्यांनी पुन्हा पिवळं, वर पांढरी पावडर, कपाट उघडलं की वास. मी बडोद्यात एका कॉलेजच्या झूलॉजी लॅबमधलं सॅम्पलचं कपाट सांभाळते, त्यामुळे हे प्रकार समोर येतच असतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकते.

आधी कायद्याचं, हे टाळून पुढे जाता येत नाही

आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि 2001 पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी रीफ कोरल, काळं कोरल, फायर कोरल, समुद्रपंखे आणि ऑर्गन पाइप कोरल आहेत. वाघ ज्या यादीत आहे तीच यादी. जिवंत, मेलेलं, तुटलेलं, किनाऱ्यावर वाहून आलेलं, काही फरक नाही. शिक्षा तीन ते सात वर्षं अशी आहे, म्हणजे गंमत नाही. बडोद्याहून लोक द्वारका-जामनगर करतात, कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क 1982 चं, देशातलं पहिलं, नरारा बेटावर ओहोटीला चालत जाऊन जिवंत कोरल डोळ्यांनी बघता येतं, खूप सुंदर अनुभव आहे, जरूर जा. पण येताना पोरांचे खिसे तपासा. आणि कुठे टपरीवर कोणी विकायला ठेवलं असेल तर घेऊ नका, ‘इंद्रजाल’ म्हणून फ्रेम करून विकतात तेही नको, तोही समुद्रपंखा किंवा काळं कोरलच असतो.

त्यामुळे हा लेख कोणासाठी, तर शाळा-कॉलेजच्या लॅबमधली, रजिस्टरमध्ये नोंद असलेली, कागद असलेली जुनी सॅम्पल्स ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्यासाठी. घरात आजोबांच्या वेळचा एखादा तुकडा माळ्यावरून निघाला तर तो साफ करायच्या आधी वन खात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, विकू नका, कोणाला भेटही देऊ नका. मत्स्यालयासाठी सिरॅमिकचं किंवा रेझिनचं नकली कोरल मिळतं, त्याला काही बंधन नाही.

काय आहे ते ओळखा, सगळं ब्लीचमध्ये जात नाही

दहा पॉवरची भिंग घ्या, शाळेच्या सायन्स किटमधली साधी चालेल, आणि सॅम्पल खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघा. खऱ्या दगडी कोरलवर छोट्या छोट्या वाट्या दिसतात, प्रत्येक वाटीत कडेकडून मधोमध येणारे पातळ उभे पडदे. एका वाटीत एक जीव राहत होता. फॅव्हिया जातीच्या कोरलमध्ये या वाट्या नखाएवढ्या असतात त्यामुळे मुलांनाही पटकन दिसतात, पोराइट्समध्ये एवढ्या बारीक की नुसत्या डोळ्यांना पृष्ठभाग फक्त खरखरीत वाटतो आणि भिंगातून बघितलं की एकदम सगळं उलगडतं. मळ बसलेला असतो तो या पडद्यांच्या मधल्या फटींत, आणि तिथूनच काढायचाय, वरवर घासून काही होत नाही हे एकदा भिंगातून बघितलं की कळतं. रेझिनच्या नकलीत पडदे नसतात, असले तरी सगळे एका साच्यातले, आणि कुठेतरी साच्याची शिवण दिसते.

आता ब्लीच कशाला चालतं? ॲक्रोपोरा (फांद्यांचं, हरणाच्या शिंगांचं म्हणतात ते), पोराइट्स, फॅव्हिया, मेंदू कोरल, फंजिया (गोल चकती, लॅबमध्ये जवळजवळ हमखास असते), मॉन्टीपोरा, टर्बिनेरिया. यांचा सांगाडा मुळात पांढरा.

चालत नाही कशाला? ऑर्गन पाइप कोरल, ट्यूबिपोरा म्युझिका, त्याचा लाल रंग सांगाड्यातच आहे, तो मळ नव्हे. ब्लू कोरल, हेलिओपोरा, त्याचा निळा रंगही तसाच. अंगठीत घालतात ते पोवळं तर अजिबात नाही, रंग उडेल आणि चकाकी जाईल. समुद्रपंखा आणि काळं कोरल यांचा आतला कणा प्रथिनाचा असतो, आणि ब्लीच प्रथिनं विरघळवतं, म्हणजे रात्री बुडवलेला पंखा सकाळी बादलीत सापडणारच नाही, तळाला थोडा गाळ असेल. असली सॅम्पल्स फक्त मऊ ब्रशने कोरडी झाडायची आणि सोडून द्यायची.

सामान

ब्लीच घेताना बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट असं लिहिलेलं हवं, साधारण चार ते पाच टक्के, बिनवासाचं, बिनफेसाचं, पातळ. घट्ट सुवासिक टॉयलेटवालं नको, त्यातला साबण फटींत अडकतो आणि आठवडा गेला तरी फेस येत राहतो. पॅकिंगची तारीख बघा, ब्लीच पडून पडून मरतं, वर्षभर दुकानाच्या उन्हात राहिलेली बाटली म्हणजे जवळजवळ मिठाचं पाणी. हातगाडीवरचं सुटं तर घेऊच नका. मी एकदा विचारलं, भाई, आमां एसिड तो नथी ने (यात ॲसिड तर नाही ना)? तर म्हणे, बेन, बधुं एक ज छे (सगळं एकच आहे)! बधुं एक नाही हो. ब्लीचमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू निघतो, जीवघेणा प्रकार आहे, आणि अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड मिसळलं तरी विषारी वायूच. म्हणून ब्लीचच्या बादलीत दुसरं काही म्हणजे काहीच घालायचं नाही, ‘जास्त इफेक्ट’ साठी सुद्धा नाही.

ब्लीचिंग पावडर, पाण्याच्या टाकीत टाकतात ती, चालते का असं विचारतात. चालवू नका, त्यात चुना असतो आणि तो पांढरा थर होऊन वाट्यांमध्ये बसतो. बघायला पांढरं दिसतं आणि म्हणून लोक खूश होतात, भिंगातून बघा मग कळेल.

बाकी मग प्लास्टिकच्या दोन खोल बादल्या (लोखंडाची, ॲल्युमिनियमची नको), भाजी धुवायची जाळीदार प्लास्टिकची टोपली, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, दातांच्या फटींत घालायचे छोटे ब्रश, बांबूच्या काड्या, बिनसुईची मोठी सिरिंज, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. बडोद्याच्या मंगळबजारात एका फेरीत बहुतेक सगळं होतं. मेडिकलमधून तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड. आणि मत्स्यालयाच्या दुकानातून अँटी-क्लोरीन किंवा लॅबमध्ये असेल तर सोडियम थायोसल्फेट, जुने फोटोग्राफर ज्याला हायपो म्हणायचे तेच.

कधी आणि कुठे

दिवाळी झाल्यापासून होळीपर्यंतचे दिवस बेस्ट, हवा कोरडी असते. पावसाळ्यात हात लावू नका, आतून वाळतच नाही आणि बुरशीचा वास धरतो. जागा म्हणजे अगाशी (गच्ची) किंवा मागचं आंगण, बंद बाथरूम नाही. फक्त उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या, आठवड्यात काढू नका, 14 आणि 15 जानेवारीला बडोद्यातल्या कुठल्याही अगाशीवर तुमच्या बादलीला जागा नसते आणि वाळत टाकलेल्या ॲक्रोपोराच्या फांदीत मांजा अडकला की मग काय होतं ते सांगायला नको.

पहिलं काम: फोटो, नंबर, कोरडी झाडझूड

सगळ्या बाजूंनी फोटो काढा, स्केल ठेवून. मग लेबल. जुन्या सॅम्पलवर शाईने नंबर लिहिलेला असतो किंवा कागदी चिठ्ठी चिकटवलेली असते, तो नंबर आधी वहीत उतरवून घ्या आणि एका प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलने लिहून ती नायलॉनच्या दोऱ्याने सॅम्पलला बांधा. पेन्सिलच, कारण बॉलपेन, जेलपेन ब्लीचमध्ये उडतं, ग्रॅफाइटला काही होत नाही. चार सॅम्पल्स एकत्र धुतली आणि नंबर अदलाबदल झाले तर तुमच्याकडे चार पांढरे दगड उरतात, बाकी काही नाही. कुठून आणलं, कधी, कोणी, हे ज्याच्यावर लिहिलंय तेच सॅम्पल.

मग कोरडी धूळ. मऊ ब्रश आणि कॅमेऱ्याचा रबरी फुंकर-पंप. पाणी आधी लावायचं नाही, धुळीचा चिखल होऊन आत बसतो. उघड्या कपाटातल्या सॅम्पलमध्ये कोळ्याची जाळी तर असतातच, पण फांद्यांच्या बेचक्यांत कुंभारमाशीची मातीची घरटीही सापडतात, ती बांबूच्या काडीने हळूच मोडून काढा. तळाला प्लास्टर ऑफ पॅरिसचा किंवा लाकडाचा बेस लावला असेल तर या टप्प्यालाच विचार करा. फेव्हिकॉलने चिकटवलेलं कोमट पाण्यात फुगून सुटतं. प्लास्टर पाण्यात मऊ पडून गढूळ करतं, ते आधी कोरडंच फोडून काढलेलं बरं. व्हार्निश मारलेलं असेल तर ॲसिटोन, कापसाच्या बोळ्याने, मोकळ्या हवेत, आसपास गॅस-उदबत्ती काही नको. आणि ऑइलपेंट मारलेलं असेल, एका शाळेच्या कपाटात मी अख्खा मेंदू कोरल पांढऱ्या एनॅमलने रंगवलेला बघितलाय, वाट्या बुजून चकचकीत गोळा झालेला, तर खरं सांगायचं तर सोडून द्या. निघतो, पण आठवडे जातात आणि फटींतला निघतच नाही.

दुसरं: नुसतं पाणी, आणि घाई नको

समुद्रातून आलेल्या कोणत्याही वस्तूत मीठ असतं. ते मीठ पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढतं, हिवाळ्यात कोरडं होऊन बाहेर येतं, आणि या आत-बाहेर करण्यात पृष्ठभाग भुसभुशीत होतो. म्हणून ब्लीचच्याही आधी साध्या पाण्यात दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलून.

सॅम्पल टोपलीत ठेवून टोपलीसकट बादलीत उतरवायचं, हातात फांदी धरून नाही, ॲक्रोपोरा स्वतःच्या वजनानेही मोडतो. उतरवताना तिरकं धरा आणि सावकाश, बुडबुडे येत राहतील. कोरल आतून पोकळ्यांनी भरलेलं असतं, हवा अडकली तर तिथे पाणीही पोचत नाही आणि नंतर ब्लीचही पोचत नाही, मग मधेच पिवळा पट्टा राहतो. बुडबुडे थांबेपर्यंत दोन-तीनदा कलतं करा. आणि पूर्ण बुडायला हवं, टोकं वर राहिली तर पाण्याच्या रेषेवर डाग पडतो.

दुसऱ्या दिवशी पाण्यातच टूथब्रशने हलकेच घासा, सिरिंजने वाट्यांमध्ये पाण्याची धार मारा. ही सिरिंज म्हणजे या सगळ्या कामातलं सर्वात कामाचं हत्यार आहे, ब्रशपेक्षा जास्त. गाडी धुवायचा प्रेशर पंप मात्र फक्त पोराइट्सच्या घट्ट गोळ्यांना, तोही लांबून.

तिसरं: ब्लीच

नुसतं पिवळं पडलंय, धूळ-धूर बसलाय, तर एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी. म्हणजे दहा लिटरच्या बादलीत एक लिटर. हिरवं-काळं शेवाळं वाळून बसलंय, मत्स्यालयातून काढलेलं आहे, तर एकास तीन करा. पाणी गार, गरम नाही, गरम पाण्यात ब्लीच लवकर मरतं आणि वास डोक्यात जातो. सावलीत ठेवा, वर झाकण सैल ठेवा, घट्ट बंद नाही. पोरं, मांजर, कामवाल्या मावशी, सगळ्यांना सांगून ठेवा की ही बादली फरशी पुसायची नाही.

ब्लीच अल्कलाइन असतं त्यामुळे ते दगड खात नाही, फक्त त्यावरचं शेवाळं, वाळलेला जीव, तेलकट मळ, असं जे काही सेंद्रिय आहे ते फोडतं. पहिल्या तासाभरातच पाणी पिवळट किंवा चहाच्या रंगाचं होतं, घाबरू नका, तो मळच. रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. पाण्याचा ब्लीचचा वास गेलेला असेल तर ब्लीच खर्ची पडलंय, ते ओतून ताजं करा आणि अजून एक दिवस. वास असेल आणि तरी सॅम्पल पांढरं झालं नसेल तर उरलेला डाग ब्लीचने जाणारा नाही, उगाच दिवस वाढवू नका.

मध्ये एकदा काढून, मोजे घालून, सिरिंजने धार मारायची आणि परत ठेवायचं. एवढंच.

किती पांढरं? मूळ रंग हलका ऑफव्हाइट असतो. ट्यूबलाइटखाली निळसर पांढरं दिसावं म्हणून काही जण नीळ घालतात, नको, नीळ फटींत जमून बसते आणि मग ती काढायला पुन्हा सगळं पहिल्यापासून.

चौथं: धुणं, इथेच सगळं ठरतं

ब्लीचमधून काढलं की वाहत्या पाण्याखाली दहा मिनिटं, मग स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायचं, दिवसातून दोनदा पाणी बदलायचं, तीन दिवस. मग हायपो. दहा लिटर पाण्यात एक चमचा सोडियम थायोसल्फेट पुरे, अर्धा-एक तास. हे उरलेलं क्लोरीन मारतं. त्यानंतर पुन्हा साधं पाणी, आणखी दोन-तीन दिवस, कारण हायपोही आत राहायला नको.

वासावर भरवसा ठेवू नका, दोन दिवस ब्लीच हाताळल्यावर नाकाला काही कळत नाही. लॅब हाताशी असेल तर सॅम्पल भिजवलेलं पाणी वाटीत घ्या, त्यात पोटॅशियम आयोडाइडचे चार खडे आणि स्टार्चचं पाणी घाला. निळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. घरी असाल तर स्विमिंग पूल किंवा मत्स्यालयाची क्लोरीन टेस्ट किट चालते. मिठासाठी सिल्व्हर नायट्रेटचा थेंब, दूधट झालं तर क्लोराइड आहे, पण नळाच्या पाण्यातही क्लोराइड असतंच, तेव्हा शेवटचं पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड घ्या आणि नुसत्या त्याच पाण्याशी तुलना करा. हायपो पूर्ण गेल्याशिवाय ही टेस्ट करायची नाही, नाहीतर मिश्रण तपकिरी-काळं होतं आणि माणूस गोंधळतो.

शेवटचं पाणी आरओचं घ्यायचं कारण आणखी एक. आपल्याकडे शहराच्या बऱ्याच भागांत, खासकरून बोअरच्या सोसायट्यांमध्ये, पाणी जड. आजवा तलावाचं किंवा मही नदीचं पाणी येत असेल तर थोडं बरं. जड पाणी वाळताना टोकांवर खार सोडतं, बादलीला बसतो तोच. तासभर आरओमध्ये बुडवून काढलं की ते होत नाही.

पाचवं: वाळवणं

आधी सावलीत एक दिवस, जाळीवर, खालून हवा लागेल असं. मग ऊन. उन्हाने अजून थोडं उजळतं, फुकटात, त्यामुळे ब्लीचने शेवटचा पिवळेपणा काढायच्या मागे न लागता तो उन्हावर सोडा, बाजू बदलत राहा. रात्री आत घ्या, दव नको.

वाळलं कधी म्हणायचं? वरून कोरडं लागतं तेव्हा आत ओलंच असतं. किचनच्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा, लागोपाठ दोन-तीन दिवस वजन तेच आलं की वाळलं. फांद्यांचं चार दिवसांत होतं, पोराइट्सचा मुठीएवढा गोळाही आठवडा खातो.

हट्टी डागांचं काय

गुलाबी-जांभळी पापडी असेल तर ते कॅल्शियमचं शेवाळं, ब्लीचने रंग जाईल, पापडी राहील, कारण तीही चुन्याचीच. किड्यांच्या वेड्यावाकड्या नळ्या, बार्नेकल, चिकटलेले शिंपले, हे सगळं त्याच मालाचं. लॅबच्या सॅम्पलवरून हे काढूच नका, मुलांना शिकवायला तेच चांगलं असतं, एकावर एक कोण कसं राहतं ते दिसतं.

तपकिरी सेंद्रिय डाग राहिला असेल तर तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड, कापसाने लावून किंवा दोन-चार तास बुडवून. पण ब्लीच पूर्ण धुतलं गेल्यानंतरच, दोन्ही एकत्र आली की जोरात ऑक्सिजन निघून फसफसून अंगावर येतं. आणि रात्रभर नाही, पेरॉक्साइड जरा आम्लधर्मी असतं.

लोखंडाचा गंज, खिळ्याचा, जुन्या स्टँडचा, हा मात्र जात नाही. बाजारातले गंज काढायचे सगळे उपाय ॲसिडचे, ऑक्झॅलिक वगैरे, ते गंजाच्या आधी कोरल खातात. डागाची बाजू भिंतीकडे करा.

तुटलं तर

पूर्ण वाळल्यावरच जोडायचं. फेव्हिक्विकने आसपास पांढरा धुरकट थर येतो आणि सच्छिद्र दगडात ते शोषलं जाऊन पकडही धड येत नाही. दोन भागांचं इपॉक्सी चालतं पण नंतर कधी सोडवता येत नाही आणि वर्षांनी पिवळं पडतं. म्युझियमवाले पॅरालॉइड बी-72 नावाचं ॲक्रिलिक रेझिन ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरतात, ते कधीही ॲसिटोननेच सुटतं, मिळत असेल तर तेच घ्या. जोड सुकेपर्यंत सॅम्पल वाळूच्या ताटात उभं करून ठेवा.

ठेवायचं कुठे

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये लोक निळ्या देवमाशाचा सांगाडा बघतात, मी कपाटं कशाची आहेत ते बघते, सवयच लागलीय. कारण एवढी मेहनत करून लोक कोरल प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या बंद शोकेसमध्ये ठेवतात, आणि ही लाकडं, त्यातला गोंद, नवं पॉलिश, सगळी हळूहळू ॲसिटिक आणि फॉर्मिक ॲसिडची वाफ सोडत राहतात. बंद काचेआड ती साठते, ओलावा मिळाला की कॅल्शियमशी जुळून पांढरी सुयांची किंवा पिठाची बुरशी वाटावी असं काही वर येतं. बुरशी नाही ती, क्षार आहेत, सांगाडाच पीठ होत असतो. म्युझियमवाले याला बाइन्स डिसीज म्हणतात, बाइन नावाच्या शंखांच्या अभ्यासकाने 1899 मध्ये यावर लिहिलं तेव्हापासून, पण आजार म्हटलं तरी जंतूंचा संबंध नाही आणि डांबराच्या गोळ्या टाकून काहीही होत नाही. कपाट उघडल्यावर आंबूस वास आला तर समजा. अशी सॅम्पल्स लगेच बाहेर काढा, डिस्टिल्ड पाण्यात भिजवून, पाणी बदलून, पूर्ण वाळवा आणि त्या कपाटात परत ठेवू नका.

पावडर कोटेड स्टीलचं किंवा ॲल्युमिनियम-काचेचं कपाट घ्या. लहान सॅम्पलला ॲक्रिलिकचा डबा. जुनं सागवानी कपाट बदलणं शक्य नसेल, कॉलेजात बजेट कधी नसतंच, तर निदान काचेचं दार थोडं फटीत उघडं राहील असं करा आणि प्रत्येक सॅम्पल स्वतंत्र ॲक्रिलिकच्या डब्यात ठेवा. खाली कापूस नको, त्याचे धागे वाट्यांत अडकतात. फ्रिज-टीव्हीच्या पॅकिंगमधला पांढरा फोम येतो ना, पातळ लवचिक शीटवाला, तो कापून घ्या. सिलिका जेलच्या पुड्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि त्या महिन्या-दोन महिन्यांनी बदला किंवा तापवून परत वापरा. पाठीमागे गडद रंग लावला की सॅम्पल खूप उठून दिसतं, मग ते अगदी शुभ्र नसलं तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

वर्षातून एकदा रबरी पंपाने धूळ उडवा. दरवर्षी ब्लीच करायचं नाही.

राहिलं वापरलेलं ब्लीच. ते बादलीत उघडं एक दिवस उन्हात ठेवा, उन्हाने फुटून जातं, मग चमचाभर हायपो घालून भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओता. कुंडीत, तुळशीत, झाडांच्या मुळाशी नाही, आणि ज्या मोरीत त्या दिवशी कोणी ॲसिड टाकलं असेल तिथे तर मुळीच नाही.